आधी करडा, मग रंग

वाईच्या माणसाला एक सोय आहे, ती फार थोड्या गावांना मिळते. टीव्हीवर दिसलेला घाट उठून पाहून येता येतो. ‘गंगाजल’ (2003), ‘स्वदेस’ (2004), ‘ओंकारा’ (2006), ‘दबंग’ (2010) या सगळ्यांत आमचा कृष्णाकाठ, मेणवली किंवा आसपासचा पट्टा आहे. ‘स्वदेस’ टीव्हीवर लागला की आमच्या आळीत घरोघरी तोच चालू असायचा. एका घरी मेणवलीच्या घाटाचा काळा दगड निळसर, दुसऱ्या घरी चॉकलेटी, तिसऱ्या घरी इतका गडद की पायऱ्यांमधल्या फटीच दिसायच्या नाहीत. दगड एकच, चित्रपट एकच, वेळसुद्धा एकच. मग खरा रंग कुणाच्या घरी?

या प्रश्नाने मला छंद लावला. व्यवसायाने मी फोटोस्टुडिओवाला. लग्नाच्या फोटोंत नवरीची हळद हिरवट मारली तर गिऱ्हाईक अल्बम परत आणतं, त्यामुळे रंगाची चूक ओळखणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग होता. लॅबमध्ये प्रिंट काढताना पिवळा, किरमिजी, निळा असे थोडे कमी-जास्त करून चेहरा जुळवायचा, हे वर्षानुवर्षं केलं. टीव्हीकडे मात्र मी साध्या प्रेक्षकासारखाच पाहत होतो. चित्र ‘मस्त’ दिसलं की झालं.

पहिला धडा मिळाला तो फार आधी, पिक्चर ट्यूबच्या काळात. दूरदर्शनवर रंग आला 1982 साली. त्या वर्षीचा पंधरा ऑगस्ट आणि मग नोव्हेंबरातले आशियाई खेळ. आमच्याकडे रंगीत संच यायला आणखी काही वर्षं गेली. तो आल्यावर घराघरांत एक पद्धत पडली: रंगाचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं. पैसे रंगाचे दिलेत, तर रंग भरपूर दिसला पाहिजे. निवेदिकेची साडी पेटल्यासारखी दिसायची आणि ओठांचा रंग ओठांबाहेर सांडायचा. आमचा संच बिघडला तेव्हा एक वयस्क मेकॅनिक आले. त्यांनी मागचं झाकण काढलं, समोर आरसा उभा केला आणि पहिली गोष्ट केली ती रंग पूर्ण बंद करण्याची. मला वाटलं, रंगाची तक्रार आहे आणि हे रंगच काढून टाकतायत. ते म्हणाले, “आधी काळं-पांढरं नीट होऊ दे, रंग मागनं येतो.” ट्यूबच्या मागच्या बोर्डावर लाल, हिरव्या आणि निळ्या गनचे छोटे प्रीसेट असतात. स्क्रूड्रायव्हरने ते हलक्या हाताने फिरवत त्यांनी आधी अंधाऱ्या भागातला करडा शुद्ध केला, मग उजळ भागातला. अंधारात तांबूस झाक नको, उजेडात निळसर नको. पुन्हा अंधार, पुन्हा उजेड. दोन्ही जुळल्यावर त्यांनी रंगाचं बटण निम्म्याच्याही खाली ठेवलं. चेहरे माणसांचे दिसू लागले.

त्यांच्याकडे रंग मोजणारा एकही मीटर नव्हता. पुढे मी मीटर घेतला, लॅपटॉप जोडला, आलेख काढले. पण कामाचा क्रम त्यांनी दाखवला तोच राहिला. वजनकाटा शून्यावर आणल्याशिवाय हळद तोलत नाहीत, तसंच आहे हे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या प्रत्येक पायरीवर लाल, हिरवा, निळा समतोल असतील, तर बहुतेक रंग आपोआप जागेवर येतात. तो समतोल नसताना रंगांच्या मागे लागणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

आता दगडाच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या डोक्यातली मोठी उलथापालथ तिथे झाली. सुरुवातीला मी ठरवलं होतं की मेणवलीचा घाट हेच प्रमाण. सकाळी जाऊन दगड पाहून यायचा, घरी येऊन टीव्ही तसा करायचा. पण सकाळी आठचा दगड आणि दुपारी बाराचा दगड एक नसतो. पावसाळ्यात तो ओला, शेवाळलेला. उन्हाळ्यात कोरडा, राखट. शिवाय ‘गंगाजल’मध्ये हाच परिसर बिहार म्हणून उभा आहे आणि ‘ओंकारा’त उत्तर प्रदेश म्हणून. एकच नदी, एकच डोंगर, तरी दोन्ही चित्रपटांचा उजेड वेगळा, मातीची झाक वेगळी. कारण तो रंग छायालेखकाने आणि दिग्दर्शकाने ठरवून आणलेला असतो: कोणत्या वेळी चित्रण करायचं, कोणतं भिंग वापरायचं, शेवटी छायेचा रंग कुठे झुकवायचा. ‘स्वदेस’चा घाट महेश अणे यांच्या कॅमेऱ्यातून आलेला आहे. तो माझ्या सकाळच्या फेरीशी जुळवण्याचा मला अधिकारच नाही. त्यांनी जो रंग पक्का केला, तो माझ्या भिंतीपर्यंत वाटेत न बदलता पोचला पाहिजे. टीव्हीचं काम एवढंच, आणि माझंही तेवढंच.

मग प्रमाण कुठलं? ज्या पडद्यासमोर बसून ते निर्णय घेतात, त्या पडद्याचं. सुदैवाने ते लिहून ठेवलेलं आहे. आपल्या नेहमीच्या एचडी चित्रासाठी बीटी 709 हे मानक 1990 पासून आहे. लाल, हिरवा आणि निळा नेमका कोणता, हे त्यात अंकांनी सांगितलं आहे. पांढरा म्हणजे डी65, आकाशाचा उजेड मिसळलेल्या दिवसाच्या प्रकाशासारखा, सुमारे 6500 केल्विनचा. रंगाच्या नकाशावर त्याची जागा 0.3127 आणि 0.3290. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चित्र किती झपझप उजळावं, यासाठी 2011 चं बीटी 1886 आहे. अंधाऱ्या खोलीत त्याचा घातांक 2.4 च्या आसपास धरतात आणि सर्वांत उजळ पांढरा 100 निटच्या (निट हे उजेड मोजायचं माप) जवळ ठेवतात. हे आकडे पाहून कुणी बिचकू नये. त्यांचा अर्थ एवढाच की सगळ्या जगाने पांढऱ्याची एक जागा मान्य केली आहे.

दुकानातल्या टीव्हीचा पांढरा मात्र त्या जागेपासून लांब, निळ्याच्या बाजूला असतो. भगभगीत ट्यूबलाइटखाली रांगेने लावलेल्या संचांत जो जास्त निळा आणि जास्त उजळ, तो डोळ्यांत भरतो आणि विकला जातो. घरी आणल्यावरही तो त्याच ‘व्हिव्हिड’ मोडवर राहतो. गंमत अशी की आपल्याकडच्या एलईडी ट्यूबच्या खोक्यावर बहुधा 6500 केल्विन असंच छापलेलं असतं. ती ट्यूब लावून शेजारी टीव्हीवर कोरी पांढरी पाटी आणा. ट्यूबच्या उजेडातला कागद साधा पांढरा दिसतो आणि टीव्ही निळा. मीटर न घेता लोकांना पटवण्याचा माझा हा पहिला उपाय. ट्यूबच्या रंगातही थोडं इकडेतिकडे असतं, पण टीव्हीचा निळेपणा त्याहून इतका जास्त असतो की शंका उरत नाही.

मीटर म्हणजे लहानसं यंत्र. ते पडद्याच्या मध्यावर टेकवून लटकवायचं. एचसीएफआर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, चाचणीच्या पाट्याही फुकट मिळतात. टीव्ही आधी अर्धा-पाऊण तास चालू ठेवायचा, कारण थंड पडदा आणि तापलेला पडदा एकच रंग दाखवत नाहीत. पाट्या मध्यभागी लहान चौकोनात दाखवायच्या. ओलेडच्या पडद्यावर तर हे आवश्यकच, सगळा पडदा पांढरा झाला की तो आपोआप मंद होतो. मग क्रम ठरलेला. काळा इतकाच खाली की अंधारातला तपशील बुडू नये. पांढरा इतकाच वर की ढगातल्या घड्या पुसल्या जाऊ नयेत. त्यानंतर ऐंशी टक्के उजेडावर तीन रंगांचे ‘गेन’, तीस टक्क्यांवर ‘कट’ किंवा ‘ऑफसेट’. एक हलवला की दुसरा थोडा सरकतो, म्हणून येरझारा घालाव्या लागतात. ट्यूबच्या मागे वाकलेल्या त्या मेकॅनिककाकांचीच ही येरझार. शेवटी रंगांची बारी.

हे काम रात्रीचं. वाईच्या पावसाळ्यात लवकर अंधारतं, खिडकीतून उजेड येत नाही, ते बरं. पण वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. अर्ध्यात वीज गेली की पडदा पुन्हा तापवण्यापासून सुरुवात.

ओळखीपाळखीत बोलावणी येऊ लागली आणि तेव्हा कळलं की बहुतेक घरांत रंगाचा प्रश्न रंगाचा नसतोच. सर्वाधिक आढळलेला दोष सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही यांच्या न जुळलेल्या भाषेचा. व्हिडिओमध्ये काळा 16 वर आणि पांढरा 235 वर मानतात. संगणक मात्र 0 ते 255 वापरतो. बॉक्स एक पद्धत पाठवतो आणि टीव्ही दुसरी धरून बसतो. मग एक तर काळा राखाडी, चित्रावर पातळ दुधाची साय. नाही तर अंधारातलं सगळं गडप. एका घरी मालिकेतला रात्रीचा प्रसंग म्हणजे नुसते आवाज, अशी तक्रार होती. टीव्ही बदलायचं चाललं होतं. मेनूतली एक ओळ बदलल्यावर प्रसंगातली माणसं दिसू लागली. मीटर पिशवीतून काढावाही लागला नाही.

दुसरा दोष भिंतीचा. आपल्याकडे टीव्ही उंच लावतात, मुलांचा हात पोचू नये म्हणून किंवा खाली दिवाण असतो म्हणून. आणि घरातली माणसं जेवताना खाली चटईवर बसतात. एलसीडीचे पुष्कळ पडदे समोरून पाहिले तरच खरे असतात. खालून किंवा बाजूने पाहिलं की काळा फिका पडतो, रंग विरतात. एका घरी मी सगळं जुळवलं, आलेख सुंदर आला, आणि आजी म्हणाल्या, “मला तर काही फरक दिसंना.” मी त्यांच्या शेजारी चटईवर जाऊन बसलो आणि मला तो दिसला नाही. पुढच्या रविवारी घरच्यांनी संच दीड-दोन फूट खाली घेतला. त्या दिवसापासून कुणाच्याही घरी गेलो की आधी घरची माणसं जिथे बसतात तिथे बसतो.

सर्वांत जास्त शिकवून गेले ते एक निवृत्त शिक्षक. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. म्हणाले, टीव्ही अचानक निळा झालाय. मी मोजला, पांढरा जागेवर होता. पुन्हा मोजला, तसाच. मग सहज त्यांना म्हटलं, सर, आधी एक डोळा झाका, मग दुसरा. ते बराच वेळ आलटून पालटून पाहत राहिले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पडदा निळसर, दुसऱ्याला जुन्या कागदासारखा पिवळट. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं. ते इतक्या हळूहळू होतं की मेंदू सवय करून घेतो. नवं भिंग बसलं की सवय मोडते. टीव्ही जागेवर होता, सरांना कैक वर्षांनी निळा रंग पुरता दिसत होता. मी सेटिंगला हात लावला नाही. काही आठवड्यांनी त्यांनी सांगितलं की आता काही वाटत नाही.

त्यानंतर मी मीटरकडे जास्त आदराने आणि जास्त सावधपणे पाहू लागलो. मीटर ज्या ‘प्रमाण डोळ्या’ने मोजतो तो 1931 साली ठरला, इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोघांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांवरून. राइटकडे दहा निरीक्षक होते, गिल्डकडे सात. सतरा माणसांच्या डोळ्यांवर आज जगातल्या सगळ्या पडद्यांचा पांढरा उभा आहे. इतकी वर्षं ते टिकलं, याचं मला फार कौतुक वाटतं. पण तो डोळा सरांचा नाही आणि माझाही नाही. ओलेडसारख्या नव्या पडद्यांवर तर मीटर दोन पांढरे सारखे म्हणतो आणि पाहणाऱ्याला त्यांत फरक दिसतो, असंही होतं. तिथे जुन्या, भरवशाच्या पडद्याशेजारी ठेवून डोळ्यांनी थोडं सरकवावं लागतं.

माझ्या स्वतःच्या डोळ्यावर तर मी अजिबात विसंबत नाही. वीस मिनिटं निळसर पडदा पाहिला की तोच पांढरा वाटू लागतो. म्हणूनच नव्याने जुळवलेला टीव्ही पहिल्या रात्री सगळ्यांना आजारी दिसतो. “पिवळं मारतंय,” हे वाक्य मी प्रत्येक घरी ऐकलं आहे. हळदीच्या व्यापारातल्या एका घरात वहिनींनी तर स्पष्टच सांगितलं की आमचा आधीचा टीव्ही चांगला होता. त्यांचं खोटं नव्हतं, त्यांचा डोळा निळ्याला सरावलेला होता. मी एकच विनंती केली: आठ दिवस असाच राहू द्या, नंतर रिमोटने तुमचा जुना मोड लावा. आठ दिवसांनी त्यांनी जुना मोड लावला आणि लगेच बंद केला. चेहरे प्लॅस्टिकसारखे वाटले, म्हणाल्या. सगळीकडे असं होत नाही. काही घरांत नवव्या दिवशी ‘व्हिव्हिड’ परत आला, तो मी तसाच राहू दिला. टीव्ही त्यांचा आहे. ज्याने विचारलं नाही त्याच्या टीव्हीला मी हात लावत नाही.

हा छंद माणसाला आकड्यांच्या नादीही लावतो. मानक रंग आणि पडद्यावरचा रंग यांतलं अंतर ‘डेल्टा ई’ने मोजतात. ते तीनच्या खाली गेलं की चालत्या चित्रात सहसा कुणाला कळत नाही. एकच्या खाली तर दोन पाट्या शेजारी ठेवूनही कठीण. तरी काहीजण 0.8 चा 0.5 करण्यासाठी रात्र घालवतात. माझं मत असं की तीनच्या खाली आल्यावर मीटर ठेवून द्यावा आणि सिनेमा लावावा. दुसऱ्याच्या सेटिंगचे आकडे उतरवून आपल्या टीव्हीत भरण्यालाही अर्थ नाही. एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी घेतलेले दोन संच मी मोजले आहेत. कारखान्यातूनच त्यांचा पांढरा वेगळा होता. एकाचे गेन दुसऱ्याला लावले तर दुसरा बिघडला.

काही रंग मात्र कितीही जुळवले तरी हाती लागत नाहीत. मोरपंखी घ्या. पैठणीवरचा खोल मोरपंखी 709 च्या लाल-हिरव्या-निळ्याने रंगाच्या नकाशावर आखलेल्या त्रिकोणात पुरता मावतच नाही. स्टुडिओत तो कागदावर आणताना नाकी नऊ यायचे, टीव्हीवरही तेच. एचडीआर या नव्या पद्धतीच्या चित्राला रंगांची जागा मोठी मिळते, उजेडाची मर्यादाही खूप वाढते, आणि चांगल्या पडद्यावर असा मोरपंखी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चित्र थांबवून पाहत राहिलो. पण एचडीआरमध्ये छांदिष्टाचं काम अवघड आहे. चित्र हजार निटसाठी तयार केलेलं आणि आपला संच चारशेच्या पुढे जात नाही, अशा वेळी मधलं काय दाबायचं हे टीव्ही स्वतः ठरवतो, आणि प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा. नेहमीच्या चित्रासाठी केलेली जुळणी तिथे चालत नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. स्वस्त संचांवर एचडीआर बंद ठेवलेलं बरं, असं मी सरळ सांगतो.

आणि मूळ चित्रच खराब असेल तर काहीच करता येत नाही. चॅनेलने दाबून दाबून पाठवलेलं चित्र, त्यात चौकोन पडलेले, मालिकेच्या सेटवरचा मेकअपच नारिंगी. जुळवलेला टीव्ही हे सगळं प्रामाणिकपणे दाखवतो. लोकांना वाटतं, खर्च करून चित्र वाईट झालं. मग मी ‘स्वदेस’ लावतो. घाटाच्या पायऱ्यांमधल्या फटी दिसतात, सावलीतला दगड आणि उन्हातला दगड वेगळे ओळखू येतात, पाण्याकाठच्या माणसांचे चेहरे आपल्या इकडच्या माणसांसारखे सावळे, जिवंत दिसतात. एवढं दिसलं की घरचे पुढे फारसं विचारत नाहीत.

ज्यांना मीटर घ्यायचा नाही त्यांनी एवढं तरी करावं. आज रात्री टीव्हीचा मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ करा; नव्या संचांत ‘फिल्ममेकर’ असेल तर तो. रंगाचं तापमान ‘वॉर्म’वर घ्या. ‘शार्पनेस’ खाली आणा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारी सोयही बंद करा. चित्र अंधारं वाटलं तर फक्त मागच्या दिव्याचा उजेड वाढवा, रंगाला हात लावू नका. टीव्ही फार उंच असेल तर खाली घ्या. पहिल्या रात्री पिवळं वाटेल. आठ दिवस राहू द्या, मग जुना मोड एकदा लावून पाहा आणि तुमचं तुम्हीच ठरवा.